पाटी नवी, दुकान जुनं : सरकारी विद्यापीठातली डेटा सायन्सची एमएस्सी, दोन वर्षं काढून लिहितेय

पहिलंच सांगते, विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही. डिग्रीचं सर्टिफिकेट अजून हातात यायचंय, आणि ज्यांनी शिकवलं त्यातले दोघंतिघं हे वाचून मला ओळखतीलच, उगाच कशाला. महाराष्ट्रातलं सरकारी विद्यापीठ आहे, मोठं आवार, भरपूर झाडं, तेवढीच कुत्री, आणि प्रत्येक कामाची एक वेगळी खिडकी जी तुमचा नंबर आला की जेवायला जाते, एवढं पुरे. तीनचार दुसऱ्या विद्यापीठांतल्या मैत्रिणींशी बोलले तर सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे, त्यामुळे नावाने काही अडत नाही.

मी गेवराईकडची, बीएस्सी स्टॅट्स जिल्ह्याच्या कॉलेजातून. डेटा सायन्सला अ‍ॅडमिशन घेतलं असं घरी सांगितलं तेव्हा चुलते म्हणाले, "म्हंजी रिचार्जचं दुकान टाकायचंय का?" हसू आलं तेव्हा, पण पहिले सहा महिने मलाही नक्की सांगता येत नव्हतं की हे वेगळं काय आहे, कारण पहिल्या सेमला जे शिकवत होते त्यातलं निम्मं मी बीएस्सीला केलेलंच होतं. डिपार्टमेंटच्या दारावर नवीकोरी पाटी आहे, डेटा सायन्स, इंग्रजी-मराठी दोन्हीत, आणि आत गेलं की कपाटं, खुर्च्या, लायब्ररीतल्या पुस्तकांचे शिक्के सगळे संख्याशास्त्र विभागाचे. आमच्या बॅचला पहिल्या दिवशी वाटलं फसवलं यार आपल्याला. मला आता दोन वर्षांनी वाटतं की दुकान जुनं आहे म्हणूनच माल चांगला निघाला, फक्त तो माल पाटीवर लिहिलेला नाही. हा सगळा रिव्ह्यू त्याबद्दलच आहे, बाकी मेस हॉस्टेल वगैरे पण सांगते.

आधी पैशाचं. सरकारी म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका. आमच्याच मजल्यावर एमएस्सी स्टॅटिस्टिक्स आहे, तो अनुदानित कोर्स, त्याची फी ऐकून हसाल इतकी कमी, आणि त्याच मजल्यावर, त्याच वर्गात, पुष्कळदा त्याच सरांकडे चालणारा आमचा डेटा सायन्स स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खर्च पोरांच्या फीतून, त्याची फी कितीतरी पट. प्रॉस्पेक्टसमध्ये हा शब्द बारीक अक्षरात असतो, तो शोधा, आणि फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात जाऊन विचारा की अनुदानित आहे का नाही आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, हा कोर्स दिसतो का, कारण कोर्सच लिस्टमध्ये नसेल तर तुमची सगळी कागदपत्रं परफेक्ट असून काही उपयोग नाही. आमच्यातल्या दोघांना हे अ‍ॅडमिशन झाल्यावर कळलं. तरीपण हिशोब सांगते, माझ्या मावसभावाने शहरात एक सहा महिन्यांचा क्लास केला, नोकरीची गॅरंटीवाला, ईएमआयवर, आणि त्याची फी माझ्या दोन वर्षांच्या फी अधिक मेसपेक्षा जास्त होती. खरं बोलायचं तर तो माझ्या आधी नोकरीला लागला, पॉवर बीआय (ग्राफ-डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) त्याचं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पण. त्यामुळे ज्याला सहा महिन्यांत पगार चालू व्हायला हवाय त्याने इकडे येऊच नये, हे मी मनापासून सांगतेय, टोमणा नाही.

प्रवेश परीक्षा ठीक. मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, थोडं सी किंवा पायथन, थोडी रीझनिंग. गाळून गाळून घेतात असं काही नाही पण नुसतं पाठ करून पण होत नाही. आमच्या वर्गात निम्मे बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरवाले आणि इंजिनिअरिंग करून आलेले चारपाच, उरलेले आम्ही स्टॅट्स-मॅथ्सवाले. पहिल्या सेमला मजा असते, कॉम्प्युटरवाल्यांना कंडिशनल प्रोबॅबिलिटीत घाम फुटतो आणि आमच्यासमोर काळी स्क्रीन उघडली की आम्हाला. मग आपोआप जोड्या लागतात, मी तुला प्रोबॅबिलिटीतला बेजचा नियम समजावते, तू मला गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं टूल, शिकव. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नव्हतं पण दोन वर्षांत सगळ्यात जास्त शिक्षण याच अदलाबदलीत झालं, रात्री अकराला कँटीनबाहेरच्या कट्ट्यावर.

सिलॅबस नव्या शैक्षणिक धोरणाचा, म्हणजे सेमला २२ क्रेडिट, चार सेमचे ८८, आणि एक वर्ष करून ४४ क्रेडिटवर बाहेर पडलं तर पीजी डिप्लोमा मिळतो. आमच्यातली एक मुलगी तशी गेली, घरी अडचण होती, तिच्या दृष्टीने ही सोय खरंच उपयोगी पडली, नाहीतर जुन्या पद्धतीत ती रिकाम्या हाताने गेली असती. पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी नावाचा चार क्रेडिटचा पेपर आहे, तो सगळ्याच विषयांच्या एमएस्सीला आहे आणि आमच्याकडे तो सगळ्यात कंटाळवाणा होता, त्यावर जास्त लिहीत नाही. ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट, ते कागदावर भारी दिसतात पण जागा तुम्हीच शोधायची. मी एका ओळखीच्यांच्या सीए ऑफिसात एक्सेल साफ करून दिलं आणि सही आणली. चांगली कंपनी मिळालेले पण होते दोघं, दोघांचेही नातेवाईक आयटीत.

आता मालाबद्दल. आम्हाला प्रोबॅबिलिटी आणि सॅम्पलिंग शिकवणारे सर रिटायरमेंटला आलेले. प्रोजेक्टर कधी लावला नाही, खडू आणि फळा, सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुणी "सर हे कंपनीत लागतं का" असं विचारलं की चष्म्यावरून बघायचे आणि पुढची ओळ लिहायचे. इंग्रजीत सुरुवात करायचे आणि खरा मुद्दा आला की मराठीत यायचे. तर सॅम्पलिंगच्या तिसऱ्याचौथ्या लेक्चरला त्यांनी विचारलं, पीक कापणी प्रयोग कुणी बघितलाय? वर्गात तिघांचे हात वर, त्यात मी. आमच्याच सोयाबीनमध्ये झाला होता, मी नववीदहावीत असेन, कृषी खात्याचे, महसूलचे लोक आले, दोरी धरली, खुंट्या ठोकल्या, तेवढा तुकडा कापला, मळला, वजन केलं, आणि गेले. मला तेव्हा वाटलेलं हे काहीतरी सरकारी नाटक आहे, एवढ्याशा तुकड्यावरून आख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे आजूबाजूच्या कितीतरी गावांचं, कसं ठरवतात.

मग सरांनी आख्खा तास त्यावरच घेतला. कलकत्त्याला १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढणारे महालनोबिस एकीकडे आणि आपले पांडुरंग सुखात्मे दुसरीकडे, सुखात्मे म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा, लंडनला शिकून आले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. या दोघांचा चाळीसच्या दशकात वाद, की कापायचा तुकडा केवढा असावा. महालनोबिसांचं म्हणणं लहान तुकडे घ्या पण खूप घ्या, खर्च वाचतो. सुखात्म्यांचं म्हणणं लहान तुकड्यात उत्पन्न फुगून येतं. का फुगतं? कारण दोरीच्या बरोबर काठावर जे झाड येतं ते आत धरायचं का बाहेर, तर माणूस नकळत आत धरतो. तुकडा जितका लहान तितका त्याचा काठ क्षेत्रफळाच्या मानाने मोठा, म्हणजे चूक पण तितकी मोठी. आणि ही चूक नुसती इकडेतिकडे होणारी नाही, ती एकाच बाजूला जाते, त्यामुळे हजार तुकडे घेतले तरी सरासरीत मिटत नाही. बायस (एकाच बाजूला जाणारी चूक) आणि व्हेरियन्स (इकडेतिकडे होणारी) यांतला फरक मी बीएस्सीला पाठ केला होता, पाच मार्कांना लिहिला पण होता. कळला मात्र त्या दिवशी, कारण काठावरचं ते झाड मी बघितलेलं होतं. आणि लगेच पुढचं डोक्यात आलं की उत्पन्न फुगलं तर ते विम्यासाठी ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या वर जातं आणि विमा मिळत नाही. घरी फोन करून पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, आम्हाला हे कधीचं माहितीय, तुमच्या पुस्तकात आत्ता आलं होय.

तर हा तो माल. क्लासवाल्यांच्या सिलॅबसमध्ये पहिल्या आठवड्यात मशीन लर्निंग असतं, आमच्याकडे आख्खं पहिलं सेम डेटा येतो कुठून, कोण मोजतं, काय सुटतं यावरच गेलं. तेव्हा चिडचिड व्हायची.

आता लॅब. लॅबबद्दल काय लिहू. मशीन जुनी, रॅम चार जीबी, ब्राउझरचे सहा टॅब उघडले की पंखा हेलिकॉप्टरसारखा वाजतो. डीप लर्निंगसाठी जीपीयूचा, म्हणजे जड गणितं झटपट करणाऱ्या चिपचा, सर्व्हर घेतलाय असं वेबसाइटवर फोटोसकट आहे, सर्व्हर आहे पण खरंच, मी काचेतून बघितलाय, खोलीला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. त्यामुळे सगळी बॅच गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गुगलची मशीन वापरायची. फुकटच्या कोलॅबमध्ये सेशन जास्तीत जास्त बारा तास आणि मध्येच जीपीयू संपला म्हणून तोंडावर दार लावतं, मग कॅगल या तसल्याच दुसऱ्या साइटवर जायचं, तिथे आठवड्याला साधारण तीस तास मिळतात. सेम तीनमध्ये आमचं सगळं टाइमटेबल लेक्चरवर नाही तर कुणाच्या अकाउंटचे किती तास उरलेत यावर चालायचं. स्वतःचा लॅपटॉप लागतोच, आठ जीबी कमीतकमी, सोळा असेल तर सुखी राहाल. सेकंडहँड घेतला तरी चालतो, माझा तसाच आहे.

प्रॅक्टिकलचं जर्नल हा वेगळाच विषय. मॅन्युअल कधीतरी एकदा कुणीतरी छान बनवलेलं, त्यानंतर कुणी हात लावला नाही. रिग्रेशनच्या प्रॅक्टिकलला बॉस्टनच्या घरांचा डेटा, ५०६ ओळींचा, सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीतून लोड करा असं लिहिलेलं. आम्ही रन केलं तर लाल एरर. वीस जण वीस मशीनवर तोच एरर बघतायत. लॅब असिस्टंट दादा शांतपणे आले आणि म्हणाले जुनं व्हर्जन टाका, चालतं. चाललं पण. पण एररचा मेसेज आमच्यातल्या एकीने पूर्ण वाचला, तर तो डेटा १.२ व्हर्जनपासून काढूनच टाकलाय, २०२२ च्या डिसेंबरपासून, कारण त्यात एक कॉलम आहे जो वस्तीत कृष्णवर्णीय किती राहतात यावरून बनवलाय आणि त्यावरून घराची किंमत काढायची असा प्रकार. एररमध्येच नीट लिहिलंय, त्याऐवजी कॅलिफोर्नियाचा डेटा वापरा वगैरे. म्हणजे बघा, या विषयात चर्चा करण्यासारखा यापेक्षा चांगला धडा कुठला असेल, तो स्वतःहून चालत लॅबमध्ये आला होता, आणि आम्ही जुनं व्हर्जन टाकून जर्नल पूर्ण केलं. मी पण केलं. सबमिशन होतं दुसऱ्या दिवशी.

परीक्षा पेनाने. हो, कोडसुद्धा. के-मीन्सचा (डेटाचे गट पाडायची पद्धत) पायथन प्रोग्रॅम लिहा, दहा मार्क, उत्तरपत्रिकेवर, इंडेंटेशन पट्टीने मोजल्यासारखं. इंजिनिअरिंगमधून आलेल्यांना सवय होती, आम्ही पहिल्यांदा हसलो आणि नंतर पाठ केलं. पण मी यावर सरसकट शिव्या घालणार नाही, कारण चॅटजीपीटी आल्यापासून असाइनमेंटचं काय झालंय ते आम्ही सगळे बघतोच. सेम दोनला एका असाइनमेंटमध्ये अकरा जणांच्या कोडमध्ये कॉमेंटसकट सगळं सारखं निघालं, इंग्रजी तर इतकं सुंदर की आमच्यातल्या कुणाचंच नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, पुढच्या तासाला एकेकाला फळ्यावर बोलावलं आणि म्हणाल्या ग्रेडियंट डिसेंटच्या (उताराने पावलं टाकत फंक्शनची सगळ्यात कमी किंमत शोधायची पद्धत) दोन स्टेप हाताने करून दाखव, फंक्शन साधं एक्स स्क्वेअर, लर्निंग रेट ०.१. तीन जणांना आलं. तीनपासून सुरू केलं तर उतार दोन एक्स म्हणजे सहा, त्याच्या ०.१ पट वजा, पहिल्या स्टेपला २.४ येतं, मग १.९२, एवढंच गणित आहे, आठवीतलं पोरगं करेल, आणि आम्ही त्याच आठवड्यात न्यूरल नेटवर्क ट्रेन करून स्टेटस टाकले होते. त्या दिवसानंतर पेनाच्या परीक्षेला मी कमी नावं ठेवते.

रिझल्ट मात्र उशिराच लागतात, ते विचारूच नका. सेम तीन चालू असताना सेम दोनचा रिझल्ट, त्यात एकीला हजर असून गैरहजर दाखवलेलं, मग खिडकी क्रमांक अमुक, अर्ज, झेरॉक्स, चलन, पुन्हा खिडकी. केटी लागली (विषय राहिला) आणि रिव्हॅलला म्हणजे पेपर पुन्हा तपासायला टाकलं तर रिव्हॅलचा निकाल यायच्या आधी केटीचा फॉर्म भरायची तारीख संपते म्हणून दोन्हीचे पैसे भरायचे, हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीय.

शिकवणाऱ्यांमध्ये पर्मनंट मोजून तीन, बाकी सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर. यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. डेटाबेस आणि बिग डेटा शिकवणारे सर आमच्यापेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठे, नेटची परीक्षा पास झालेले, तीन ठिकाणी तास घेतात, मानधन कधी वेळेवर नाही, आणि तरी रविवारी ऑनलाइन बसून डाउट सॉल्व्ह करायचे. सेम तीनच्या मध्यात त्यांना दुसरीकडे काहीतरी मिळालं आणि ते गेले, मग स्पार्क हे बिग डेटाचं टूल अर्धं राहिलं, उरलेलं आम्ही यूट्यूब आणि आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर असलेल्या एनपीटीईएलवर केलं. एनपीटीईएलचे लेक्चर फुकट आहेत हे ज्यांना माहिती नाही त्यांनी आजच बघा, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. शनिवारी कंपनीतून एक गेस्ट यायचे, त्यांच्या पीपीटीवर शेवटची स्लाइड कायम "द फ्युचर इज डेटा" अशी असायची. असो.

आता प्रोजेक्ट, कारण माझ्या मते दोन वर्षांची सगळी फी इथे वसूल होते, जर गाइड चांगला मिळाला तर. वर्गातल्या बहुतेकांनी कॅगलवरून तयार डेटा घेतला, कुणी क्रेडिट कार्ड फ्रॉड, कुणी मूव्ही रेकमेंडेशन, आणि अ‍ॅक्युरसी ९८ टक्के वगैरे. मी पाऊस घेतला. महसूल मंडळांचा रोजचा पाऊस, मराठवाड्यातल्या काही मंडळांचा. कारण आमच्याकडे २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, आणि तो मोजायचा मंडळाच्या ठिकाणी, आणि तुमचं शेत तिथून बारा किलोमीटर. तुमच्याकडे बांध फुटले आणि मंडळात ४१ पडला तर तुमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. माझा प्रश्न साधा होता, मंडळाच्या एका आकड्यावर आजूबाजूच्या शेतांचं किती खरं मानता येतं.

डेटा आणला, एका फाइलमध्ये तारखा एका प्रकारे, दुसरीत दुसऱ्या, एका मंडळाचं स्पेलिंग तीन तऱ्हेने, मराठी-इंग्रजी मिक्स. हे सगळं अपेक्षित होतं. रिकाम्या जागा होत्या त्या मी सरळ शून्याने भरल्या, पांडाज या पायथनच्या लायब्ररीत एक ओळीचं काम, आणि ग्राफ काढून सरांकडे घेऊन गेले, तेच ते खडूवाले. त्यांनी जुलैमधल्या एका सपाट रेषेवर बोट ठेवलं. एकोणीस दिवस सलग शून्य, आणि चारही बाजूच्या मंडळांत त्याच दिवसांत रोज वीसतीस मिलिमीटर. म्हणाले, "हा शून्य आभाळातला आहे का तुझ्या लॅपटॉपमधला?" मी गप्प. त्यातले काही माझे होते, काही फाइलमध्ये आधीपासून होते, म्हणजे यंत्र बंद असेल किंवा कुणी नोंद केली नसेल आणि नंतर शून्य टाकून दिलं असेल. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही या दोन गोष्टी एकाच आकड्याने लिहिलेल्या. महिना लागला ते वेगळं करायला, शेजारच्या मंडळांशी ताडून, आणि तरी काही शून्यांपुढे शेवटपर्यंत प्रश्नचिन्हच ठेवलं.

दुसरा किस्सा याहून भारी. मंडळांचे आकडे मी हवामान खात्याच्या ग्रिडच्या, म्हणजे नकाशावर चौकटी पाडून प्रत्येकीचा पाऊस दिलेल्या, डेटाशी लावून बघत होते. पुण्याहून निघणारा हा ग्रिडचा पाऊस १९०१ पासूनचा आहे, पाव अंशाची चौकट म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरची, पायथनमध्ये आयएमडीलिब नावाची लायब्ररी वापरून सरळ उतरवता येतो, ज्यांना पावसावर काही करायचंय त्यांनी नक्की बघा, खजिना आहे. तर दोन्हींचं कोरिलेशन, म्हणजे दोन्ही आकडे किती बरोबरीने वरखाली होतात ते, काढलं आणि आलं अगदीच फालतू. पंधरा दिवस मी मॉडेल बदलत बसले, हे लाव ते लाव, एकदा तर रँडम फॉरेस्ट लावलं म्हणजे काय डोकं चाललं होतं देव जाणे. मग एका रात्री नुसते दोन कॉलम शेजारी ठेवून डोळ्याने वाचत गेले आणि दिसलं की इकडचा आजचा पाऊस तिकडे उद्या पडतोय. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, काल साडेआठ ते आज साडेआठ जे पडलं ते आजच्या तारखेला. माझ्या मंडळांच्या फाइलमध्ये तारीख मोजायला सुरुवात झाली त्या दिवसाची. एक दिवस सरकवला आणि सगळं जाग्यावर. पंधरा दिवसांचं उत्तर एक ओळ. मैत्रिणीला उठवून सांगितलं तर ती म्हणाली झोप गं आता.

निकाल काय आला म्हणाल तर ग्रिडची चौकट एवढी मोठी की तीनचार मंडळं एकीतच बसतात आणि सरासरीत जोराचा पाऊस विरून जातो, एका मंडळात ९० पडला तरी चौकटीत तो चाळीसच्या आसपास दिसतो, त्यामुळे ग्रिडवरून अतिवृष्टी ठरवता येणार नाही, आणि एका यंत्रावरून बारा किलोमीटरवरचं ठरवणंही तितकंच अवघड, विशेषतः ऑक्टोबरच्या वळवासारख्या पावसात. फार मोठा शोध नाही. सरांनी आणखी एक करायला लावलं, ६५ च्या अलीकडेपलीकडे आकड्यांमध्ये काही गडबड दिसते का बघ, म्हणजे कुणी मुद्दाम आकडा कमी लिहिल्यासारखा ६४ वर ढीग आहे का वगैरे. मी तर धरूनच चालले होते की दिसणार, गावाकडची पोरगी, मनात आधीच निकाल तयार. काही दिसलं नाही. मी तो ग्राफ काढून टाकणार होते, सरांनी परत घालायला लावला, म्हणाले दिसलं नाही हेही लिहायचं, आणि किती आकड्यांत दिसलं नाही तेही. व्हायव्हाला म्हणजे तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमका त्याच ग्राफवर पंधरा मिनिटं प्रश्न विचारले.

हॉस्टेल पटकन सांगते. यादी उशिरा लागते, पहिले दोनअडीच महिने मी एका सीनियर ताईच्या खोलीत पॅरासाइट म्हणून राहिले, शब्द घाण आहे पण तोच चालतो. गरम पाणी सकाळी सहाच्या आत. मेसमध्ये रविवारी चिकन नाहीतर पनीर, बाकी दिवस पिवळ्या रंगाचं काहीतरी. वायफाय खोलीत येत नाही, जिन्यात येतं, म्हणून परीक्षेच्या दिवसांत जिन्यावर रांगेने पोरी बसलेल्या असतात लॅपटॉप घेऊन. अभ्यासिका चोवीस तास उघडी, तिला पैकीच्या पैकी मार्क, पण तिथे अर्ध्याहून जास्त एमपीएससीवाले आणि जागेवर पुस्तक ठेवून दोन दिवस गायब व्हायची त्यांची पद्धत.

प्लेसमेंट. नोकरी मिळवून द्यायचा सेल आहे, नोटीस बोर्ड आहे, कंपन्या मोजक्या येतात आणि आलेल्या बहुतेक डेटा अ‍ॅनालिस्टच्या नावाखाली एक्सेल आणि सपोर्टचं काम देतात. आमच्या बॅचमधल्या थोड्यांना कॅम्पसमधून लागलं, बाकीच्यांनी बाहेरून शोधलं, दोघी पीएचडीकडे, एक जण राज्यसेवा. मला डिग्रीनंतर पाचएक महिने लागले. इंटरव्ह्यूला टूल्सवर मार खाल्ला, डॅशबोर्ड कुठला वापरता, क्लाउड कुठला, यावर मी ठोंब्यासारखी बसायचे. जिथे लागले तिथे इंटरव्ह्यू घेणाऱ्याने एक टेबल समोर ठेवलं आणि विचारलं यात काय चुकीचं वाटतं. मी म्हटलं हे शून्य कुणी भरलेत ते आधी सांगा. तो हसायलाच लागला, म्हणाला आमच्याकडे पण कुणाला माहिती नाही.

तर रेटिंग. शिकवणं, म्हणजे जुने सर आणि त्या मॅडम, पाचपैकी साडेचार. लॅब दीड, त्यातला एक त्या असिस्टंट दादांच्या स्वभावाला. परीक्षा विभाग एक. पैसे वसूल चार, पण अनुदानित नसताना, अनुदानित असता तर पाच दिले असते. प्लेसमेंट दोन. एकूण साडेतीन द्या. स्टॅट्स-मॅथ्सची आवड असेल, दोन वर्षं घरून कुणी "लागली का नोकरी" विचारणार नसेल किंवा विचारलं तरी तुम्हाला चालणार असेल, तर घ्या. नुसतं पाटी बघून येत असाल तर त्यापेक्षा शेजारची एमएस्सी स्टॅटिस्टिक्स घ्या, फी कमी आहे, खडूवाले सर तेच आहेत, आणि पायथन तसंही जिन्यात बसूनच शिकायचंय. सर मात्र या मेमध्ये रिटायर झाले, जागा भरल्याचं अजून ऐकलं नाही, तेवढं आधी विचारून घ्या.

येताना बादली, एक्स्टेंशन बोर्ड, आणि मायग्रेशन सर्टिफिकेटच्या पाच झेरॉक्स घेऊन या. आवारातलं झेरॉक्सचं दुकान अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात टोनर संपला म्हणून बंद असतं, दरवर्षी.